मराठी गाणं लोकांपर्यंत पोचवताना: सहा आठवडे आधीपासून पहिल्या तिकिटापर्यंत

बहुतेक नवी गाणी ज्या दिवशी येतात त्याच दिवशी संपतात, आणि गाणं वाईट असतं म्हणून नव्हे. मिक्स रात्री हातात येतं, सकाळी ते यूट्यूबवर चढतं, सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक जाते, चार दिवस ‘वा, मस्त!’ येत राहतं आणि मग सारं थंड पडतं. ज्यांनी ऐकलं ते ओळखीचे होते. अनोळखी माणसापर्यंत गाणं नेणारी जी व्यवस्था आहे, म्हणजे संपादक, शिफारस करणारी गणितं, रील करणारे, डीजे, आयोजक, त्यांच्यापैकी कुणाला ते आल्याचं कळलेलंच नसतं.

स्वतःच्या खर्चाने मराठीत गाणी करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. गिटारवरचं गाणं असो, अभंग असो, भीमगीत असो की हळदीला वाजणारं आगरी-कोळी गाणं, म्हणणं एकच: गाण्याला तारीख द्या, तिच्या आधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे काम करा, आणि या काळात जो श्रोता भेटेल त्याला असं नोंदवून ठेवा की पुढच्या गाण्याच्या वेळी त्याला पुन्हा शोधायला लागू नये.

आधी कागद

प्रसिद्धीच्या कामात हक्कांचा विषय आधी कशाला, असं वाटेल. पण गाणं चालायला लागलं की पहिला दावा तेव्हाच येतो, आणि ऐन चढत्या आठवड्यात व्हिडिओ बंद पडला तर तो आठवडा परत मिळत नाही.

आपल्याकडे कवितेला चाल लावण्याची हौस मोठी, आणि घोटाळा तिथेच होतो. भारतीय कायद्यानुसार कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. केशवसुत (निधन १९०५), बालकवी (१९१८), भा. रा. तांबे (१९४१), मर्ढेकर (१९५६) यांच्या त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता आता खुल्या आहेत. बहिणाबाईंची गाणी त्या गेल्यावर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. अशा वेळी मोजणी प्रकाशनापासून होते, पण तीही मुदत २०१२ अखेर संपली. गदिमांच्या (१९७७) शब्दांवरचे हक्क मात्र २०३७ अखेरपर्यंत आहेत, बा. भ. बोरकरांच्या (१९८४) २०४४ अखेरपर्यंत आणि कुसुमाग्रजांच्या (१९९९) २०५९ अखेरपर्यंत. परवानगीसाठी आधी पुस्तकाच्या प्रकाशकाला विचारा, वारसांचा पत्ता बहुधा तिथेच लागतो. परवानगी लेखी घ्या, ईमेल चालेल. त्यात कोणती कविता, ऑडिओ-व्हिडिओ-कार्यक्रम यांपैकी कशासाठी, किती वर्षांसाठी आणि उत्पन्नात किती वाटा, एवढं स्पष्ट असू द्या.

अभंगांचं वेगळं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ज्या चालीत तो अभंग घरोघर पोचला ती चाल बऱ्याचदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि तिच्यावर हक्क शाबूत असतो. लहानपणापासून ऐकली म्हणून चाल पारंपरिक ठरत नाही. वारकरी फडावरची खरोखर पारंपरिक चाल घ्या, नाहीतर स्वतःची बांधा.

गाण्यात जितके जण आहेत तितक्यांची एका पानावर सही घ्या: शब्द कुणाचे, चाल कुणाची, संगीत संयोजन कुणाचं, ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, कुणाला ठरावीक मानधन आणि कुणाला टक्का. मित्रामित्रांत हे मागायला अवघड वाटतं, पण गाणं चालल्यावर मागणं त्याहून अवघड जातं. गीतकार आणि संगीतकाराने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं, सदस्यत्व घ्यावं आणि प्रत्येक गाण्याची तिथे वाट्यांसह नोंद करावी. वितरक (गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) तुम्हाला ध्वनिमुद्रणाचे पैसे देतो. शब्द आणि चाल यांचं शुल्क वेगळ्या वाटेने येतं, आणि नोंद नसेल तर ते येतच नाही.

‘गाणं आमच्या चॅनेलवर टाकतो, लाखात व्ह्यू मिळतील’ असा प्रस्ताव आला तर करारात दोन जागा आधी वाचा, मुदत आणि हक्कांची व्याप्ती. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं असेल तर ती विक्री आहे, प्रसिद्धी नव्हे. तीन ते पाच वर्षांचा परवाना मागा आणि मूळ मालकी स्वतःकडे ठेवा. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जग’ हे शब्द आवर्जून घालतो.

तारीख

मराठी गाण्याला दिनदर्शिका फार मोठी मदत करते, फक्त तिच्या पुढे राहिलं पाहिजे. गणपतीचं गाणं चतुर्थीच्या आठवड्यात आलं तर उशीर झाला. मंडळांच्या याद्या, नृत्यवर्गांच्या तयाऱ्या, बँजोवाल्यांच्या तालमी महिनाभर आधी ठरलेल्या असतात, तेव्हा गाणं पाच-सहा आठवडे आधी हवं. विठ्ठलाचं गाणं पालख्यांच्या प्रस्थानाआधी आणा, कारण देहू-आळंदीहून पालख्या निघाल्यापासून आषाढीपर्यंत लोकांच्या फोनवर वारीच वारी असते. १४ एप्रिलच्या जयंतीचं भीमगीत मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. हळदीचं गाणं दिवाळीच्या सुमारास, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तेव्हा डीजेंच्या पेनड्राइव्हमध्ये ते असेल. पावसाचं गाणं मेच्या शेवटच्या आठवड्यात. आणि गाण्याचा सणाशी काही संबंध नसेल तर गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधीचा आठवडा टाळा, त्या गर्दीत शांत गाणं कुणाच्या कानावर पडत नाही.

वार शुक्रवार ठेवला तर बरं, कारण बहुतेक ॲपवरच्या नव्या गाण्यांच्या याद्या शुक्रवारी बदलतात.

सहा आठवडे आधी

सहा आठवडे आधी मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, हातात हवा: २४ बिट वेव्ह फाइल, सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलच्या खाली. गाणं दाबून दाबून मोठ्ठं करून घेऊ नका. स्पॉटिफाय ऐकवताना सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं एकक) पातळीला आणतं, म्हणजे दाबल्यामुळे गेलेला जीव परत येत नाही आणि आवाजही वाढत नाही. मास्टर स्वस्त फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे बास नाहीसा होतो. ढोलकीची धुमच ऐकू येत नसेल आणि ठेका हरवत असेल तर मिक्समध्ये ढोलकीचा वरचा टणत्कार थोडा पुढे आणावा लागेल. चित्र ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ किंवा ॲपचं बोधचिन्ह नको, नाहीतर फाइल परत येते आणि आठवडा जातो.

पाच आठवडे आधी वितरकाकडे गाणं चढवा. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी, रूटनोट असे बरेच आहेत. निवडताना वार्षिक फीपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर गाणी राहतात की उतरतात? काही ठिकाणी उतरतात. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र ओळख, स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच क्रमांक देऊन जुने आकडे टिकवता येतात.

फॉर्म भरताना चार ठिकाणी चुका होतात. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडा. घाईत किंवा ‘जास्त लोक ऐकतील’ म्हणून ‘हिंदी’ निवडलं की गाणं चुकीच्या संपादकाकडे आणि चुकीच्या श्रोत्यांकडे जातं, ते दोन ओळी ऐकून पुढे जातात आणि ॲप समजतं की गाणं आवडलेलं नाही. दुसरी चूक कलाकाराच्या पानाची. तुमच्या नावाचा आणखी कुणी गायक असेल तर गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं. वितरकाच्या फॉर्ममध्ये आपल्या पानाचा दुवा द्या, आणि हे पहिलंच गाणं असेल तर ‘नवं पान’ निवडा. तिसरी, गीतकार-संगीतकारांची पूर्ण खरी नावं. चौथी, इंस्टाग्राम-फेसबुकसाठीची खूण. ती राहिली तर रीलच्या यादीत तुमचं गाणं दिसणारच नाही. तिथेच पुष्कळ वितरक ‘क्लिप कुठून सुरू’ असं विचारतात. काही भरलं नाही तर सुरुवातीचे सेकंद धरले जातात, आणि तिथे तर तानपुरा चालू असतो.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीला (दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखून दावा लावणारी यंत्रणा) गाणं जोडायचं असेल तर गाण्यातले तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे, पाहा. विकत घेतलेला तबल्याचा किंवा सिंथचा लूप आणखी हजार जणांनी वापरलेला असतो. तो उघडा वाजत असेल तर त्यांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे जातात आणि शेवटी तुमचीच नोंदणी रद्द होते. शिवाय स्वतःचं चॅनेल वितरकाकडे सूट-यादीत घालून घ्या. तुमच्या कार्यक्रमाचा तुकडा टाकणाऱ्या रसिकावर दावा गेला तर तो सोडायलाही शिका, कारण तो माणूस फुकटात तुमची प्रसिद्धी करतो आहे.

चार आठवडे आधी ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून संपादकांकडे गाणं पाठवा. प्रकाशित न झालेलं, एका वेळी एकच गाणं पाठवता येतं. निदान सात दिवस आधी पाठवलं तर ते तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत तरी नक्की जातं, पण संपादकाला खरोखर ऐकायला वेळ द्यायचा तर तीन-चार आठवडे हवेत. वर्णनाला ५०० अक्षरांची मर्यादा आहे. ‘अतिशय सुंदर, हृदयस्पर्शी प्रेमगीत’ यातून संपादकाला काहीच कळत नाही. ‘मराठी, लोकगीताच्या ठेक्यावर. संबळ आणि ॲकॉस्टिक गिटार. लग्नानंतर शहरात आलेल्या मुलीचं माहेराविषयीचं गाणं. पुढच्या शुक्रवारी व्हिडिओ, पंधरा दिवसांनी पुण्यात कार्यक्रम, तीन नृत्यशिक्षकांबरोबर रील.’ हे वाचून त्याला गाणं कोणत्या यादीत बसेल ते समजतं, आणि तुम्ही मागे काम करणार आहात हेही. जिओसावन, गाना, ॲपल म्युझिक यांच्याकडे वितरकामार्फत जावं लागतं. त्यांचा फॉर्म मागून घ्या.

नाव, अक्षर आणि टंक

मराठी माणूस गाणं शोधताना बहुधा रोमन लिपीत टाइप करतो, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. ‘पाऊस’ घ्या. कुणी पी-ए-यू-एस लिहील, कुणी पी-ए-ए-यू-एस, कुणी पी-ए-ओ-ओ-एस. यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं स्पेलिंग यूट्यूबच्या शोधचौकटीत टाइप करून ताडून पाहा (काय सुचवलं जातं ते दिसतंच), तेच गाण्याच्या नावात ठेवा आणि सगळ्या ठिकाणी एकच ठेवा. यूट्यूबच्या शीर्षकात रोमन आणि देवनागरी दोन्ही द्या, वर्णनात संपूर्ण गाणं देवनागरीत. ओळ आठवते पण नाव आठवत नाही असा श्रोता ओळच टाइप करतो, आणि वर्णनातल्या शब्दांमुळे तुमच्यापर्यंत पोचतो. स्पॉटिफायवर बोल दिसावेत म्हणून म्युझिक्समॅच या गाण्यांच्या बोलांच्या संकेतस्थळावर ते स्वतः, वेळेसकट, भरा. दुसऱ्या कुणी भरले तर ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते.

एकच एक शब्द असलेली नावं टाळा. ‘सखे’, ‘मन’, ‘आठवण’ या नावांची गाणी इतकी आहेत की तुमचं कधी वर येणार नाही. दोन-तीन शब्द हवेत, शक्यतो ध्रुवपदातलेच.

पडद्यावरच्या अक्षरांचंही पाहा. फोटोशॉप किंवा प्रीमियरमध्ये मराठी टाइप केल्यावर वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. फाइल बिघडलेली नसते, सेटिंग चुकलेलं असतं. फोटोशॉपच्या टाइप प्राधान्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’, प्रीमियरच्या ग्राफिक्स प्राधान्यांत ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडा आणि मजकूर नव्याने टाका. टंक (फाँट) मोफत मिळतात: मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकसंस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ फोनवर नीट वाचता येतात, आणि ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत. पुष्कळ टंकांत ते हिंदी वळणाचे असतात आणि मराठी डोळ्याला खटकतात.

रील आणि गाणं वाजवणारे

कोणते पंधरा सेकंद पुढे करायचे हे संगीतकाराने ठरवू नये. त्याला स्वतःची अंतऱ्यातली जागा आवडते. गाणं न ऐकलेल्या पाच जणांना एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, कोणती ओळ आठवते? तीन जणांनी एकच ओळ सांगितली तर तेच तुमचे पंधरा सेकंद.

प्रकाशनाआधी आठ-दहा तुकडे चित्रित करून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही. पहिल्या दोन सेकंदांत आवाज किंवा वाद्य सुरू झालंच पाहिजे, नाव-चिन्हाची ॲनिमेशन नको. शब्द पडद्यावर मोठे द्या, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून सरकवत असतात आणि शब्द वाचून आवाज लावतात. रीलला वितरकाकडून इंस्टाग्रामवर आलेला अधिकृत ऑडिओच जोडा. स्वतःच्या व्हिडिओतला ‘ओरिजिनल ऑडिओ’ जाऊ दिला की लोक तो उचलतात, आकडे दोन ठिकाणी विभागतात आणि त्या दुसऱ्या ठिकाणाहून श्रोता तुमच्या गाण्याकडे येत नाही. खातं ‘बिझनेस’ प्रकारचं असेल तर बरीच गाणी वापरताच येत नाहीत, ‘क्रिएटर’ करून घ्या.

मोठ्या पानांना पैसे देऊन एक पोस्ट करून घेण्यापेक्षा नाशिकमधल्या एखाद्या नृत्यशिक्षिकेला गाणं आधी पाठवा. तिचे फॉलोअर पाच-सात हजार असतील, पण वर्गातल्या चाळीस मुली गाण्यावर नाचतात आणि त्यांच्या घरचे सगळे ते बघतात. तिच्याबरोबर पोस्ट ‘कोलॅब’ म्हणून टाका, म्हणजे ती दोघांच्या पानांवर दिसते.

नाचाचं गाणं असेल तर इंटरनेटइतकाच महत्त्वाचा रस्ता मांडवातला आहे. आगरी-कोळी आणि अहिराणी गाणी वर्षानुवर्षं लग्नातल्या डीजे, बँजो पार्टी आणि ब्रास बँडच्या जोरावर पसरली आहेत. त्यांना लिंक पाठवू नका. वेव्ह फाइल, नुसतं संगीत असलेला ट्रॅक, लय मिनिटाला किती ठोक्यांची आणि स्वर कोणता (‘काळी एक’ असं लिहा, सी शार्प म्हटलं तर बँडमास्तर पुन्हा विचारतो) एवढं एका फोल्डरमध्ये द्या. ध्रुवपदाचं सरगम लिहून दिलं तर बँडवाला दोन दिवसांत बसवतो.

रेडिओ सोडू नका. माणदेशी तरंग वाहिनी किंवा पुणे विद्यापीठाची विद्यावाणी यांसारखी सामुदायिक केंद्रं स्थानिक कलाकारांना वेळ देतात. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना दहा दिवस आधी शंभर शब्दांचा परिचय, दोन मोठे फोटो आणि फोन नंबर एवढंच पाठवा.

नंतरचे सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात एकूण व्ह्यू पाहायचेच नाहीत. यूट्यूब स्टुडिओमध्ये लोक किती सेकंदांनी सोडतात ती रेषा पाहा. पहिल्या वीस सेकंदांतच निम्मे गेले असतील तर सुरुवातीचा संवाद किंवा ड्रोनची दृश्यं लांबली आहेत. पुढच्या व्हिडिओत आवाज लवकर आणा. रेषा स्थिर आहे पण क्लिक कमी, तर लघुचित्र (थंबनेल) आणि शीर्षक बदला. स्पॉटिफायवर ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी गाणं जपून ठेवलं हे बघा, आणि शहरांची यादी लिहून काढा. तिचा उपयोग पुढे आहे.

गाणं एकदाच येत नसतं. दुसऱ्या आठवड्यात फक्त पेटी आणि आवाज असं रूप, तिसऱ्यात बोलांचा व्हिडिओ, चौथ्यात कराओके, तोही दोन स्वरांत, बायकांसाठी आणि पुरुषांसाठी. आपल्याकडे कराओके मंडळं गावोगाव आहेत, भिशीपासून सोसायटीच्या संमेलनापर्यंत लोक गातात, आणि नवं गाणं गायला ट्रॅक मिळत नाही म्हणून तीच जुनी गातात. प्रत्येक वेगळ्या रूपाला वेगळा आयएसआरसी घ्या.

‘दहा हजार स्ट्रीम, अमुक रुपये’ असा निरोप येईल तेव्हा नंबर ब्लॉक करा. ते ऐकणारे नसतात, यंत्रं असतात. ओळखायची खूण सोपी आहे: एका परदेशी शहरातून एकदम शेकडो स्ट्रीम, जपून ठेवणारं कुणी नाही, फॉलोअर वाढलेले नाहीत. स्पॉटिफाय अशा स्ट्रीमसाठी वितरकाला दंड लावतं, वितरक तो तुमच्याकडून घेतो आणि गाणंही उतरवू शकतो. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ॲपला वाटतं तुमचे श्रोते तिकडचे आहेत, आणि ते गाणं कोल्हापुरात सुचवायचं सोडून तिकडे सुचवत बसतं.

श्रोत्यांची यादी

फॉलोअर ॲपच्या ताब्यात असतात. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झालं तेव्हा लाखो फॉलोअर असलेले कलाकार एका रात्रीत शून्यावर आले. म्हणून नावं आणि नंबर आपल्याकडे हवेत, आणि महाराष्ट्रात त्याचं साधन व्हॉट्सॲप आहे.

यात एक अडचण पुष्कळांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच मिळतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे. तुम्ही शंभर नंबर घातलेत तरी वीस जणांना पोचतो आणि तुम्हाला कळत नाही. म्हणून असं करा: कार्यक्रमात क्यूआर कोड लावा, तो उघडला की तुमच्या नंबरवर ‘नमस्कार, मी ____, गाव ____’ असा तयार निरोप दिसावा. श्रोत्याने तो पाठवला की लगेच संपर्क-कार्ड पाठवा आणि ‘नंबर सेव्ह करा, नवं गाणं सर्वांत आधी तुम्हाला पाठवू’ असं लिहा. बदल्यात काहीतरी द्या, न प्रकाशित झालेला एक मिनिटाचा तुकडा पुरतो. एका यादीत २५६ जण बसतात, तेव्हा याद्या शहरानुसार करा. महिन्याला दोनच निरोप. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या गायकाला लोक म्यूट करतात. कुणालाही न विचारता ग्रुपमध्ये घालू नका.

जाहिरात

खर्च करायचाच तर गाणं स्वतःहून थोडं चालल्यावर करा, आणि जो तुकडा सर्वांत चालला त्यावरच. इंस्टाग्राम-फेसबुकवर ‘बूस्ट’चं बटण दाबू नका, ॲड्स मॅनेजरमधून दिवसाला २०० ते ३०० रुपये, सात दिवस. भाग महाराष्ट्र आणि गोवा, शिवाय बेळगाव, इंदूर, बडोदा. भाषेच्या गाळणीत ‘मराठी’ निवडण्याचा मोह होतो, पण ती गाळणी बहुधा लोकांनी ॲप कोणत्या भाषेत ठेवलं आहे त्यावर चालते, आणि मराठी माणसाचा फोन बहुधा इंग्रजीत असतो. ती गाळणी काढा. पहिल्या दोन सेकंदांत मराठी शब्द आणि अक्षरं दिसली की बिगरमराठी प्रेक्षक आपोआप पुढे सरकतो आणि यंत्रणा ते शिकते.

यूट्यूबवर जाहिरातीतून मिळालेला पाहण्याचा वेळ उत्पन्नाच्या पात्रतेत धरला जात नाही. जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू लागतात, आणि ते स्वाभाविक प्रेक्षकांचेच लागतात. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय ध्वनिमुद्रणाचं मानधन सुरू होत नाही. वर्षाला वीस गाणी टाकून प्रत्येकाला दोनशे स्ट्रीम मिळवण्यापेक्षा चार गाण्यांमागे राबणं म्हणूनच शहाणपणाचं. यूट्यूबच्या करविषयक फॉर्ममध्ये पॅन भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. अमेरिकेतल्या मराठी प्रेक्षकांकडून येणाऱ्या कमाईवर तीसऐवजी पंधरा टक्के कापले जातात.

पहिलं तिकीट

आता ती शहरांची यादी काढा. पुण्यापेक्षा सांगली वर असेल तर पहिला कार्यक्रम सांगलीत. मोठं नाट्यगृह घेऊ नका. साठ-सत्तर खुर्च्यांची जागा भरलेली असणं तीनशेच्या सभागृहात ऐंशी जण असण्यापेक्षा गाणाऱ्यालाही बरं आणि व्हिडिओलाही. ग्रंथालयाचा हॉल, नाट्यसंस्थेची तालीमखोली, कॅफेची गच्ची, काहीही चालेल. तिकीट ठेवाच, १५० रुपयांचं का असेना. फुकट पासवर ‘येतो’ म्हणणारे निम्मे येत नाहीत.

हिशेब आधी मांडा. साठ तिकिटं २०० रुपयांची म्हणजे १२,००० रुपये. हॉल ३,०००, ध्वनी ४,०००, प्रवास-जेवण २,५००, छपाई ५०० धरले तर उरतात २,०००. म्हणजे पाच वादक नेणं परवडत नाही, दोघं न्या. स्वतःची चार-पाचच गाणी असतील तर कार्यक्रम सत्तर मिनिटांचा करा, मध्ये कवितावाचन किंवा स्थानिक गायकाची तीन गाणी ठेवा. तो स्थानिक गायक स्वतःचे वीस श्रोते आणतो. उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा साडेसातला सुरू करा. ध्वनिचाचणीला दीड तास. माइकची शिट्टी वाजत असेल तर आवाज वाढवत राहण्याऐवजी स्टेजवरचे मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेले स्पीकर) आधी कमी करा आणि माइकची पाठ त्यांच्याकडे करा.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिक्सरवरून वेगळं घ्या. फोनच्या आवाजातला व्हिडिओ पुढच्या आयोजकाला पाठवता येत नाही. आयोजकाला हवा असतो दोन मिनिटांचा एकच व्हिडिओ, ज्यात आवाज स्वच्छ आहे आणि प्रेक्षक दिसतात, सोबत किती माणसं, किती माइक आणि किती मानधन एवढं एका पानावर. दिवाळी पहाट ठरवणारे हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच बघायला लागतात, गणेश मंडळं त्याही आधी.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना गणपती, कोजागिरी, दिवाळी, पाडवा या कार्यक्रमांसाठी कलाकार हवे असतात, आणि उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. पण एका मंडळासाठी विमानाचा खर्च कुणी करत नाही. जवळजवळच्या पाच-सहा शहरांतल्या मंडळांना एकत्र दौऱ्याचा प्रस्ताव द्या, वर्षभर आधी. पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन गाता येत नाही, कलाकारांचा व्हिसा निमंत्रण देणाऱ्या संस्थेने अर्ज करून मिळवावा लागतो आणि त्याला महिने लागतात. तोवर तिथल्या एखाद्या मंडळाच्या सांस्कृतिक समितीला तुमच्या गाण्याचा कराओके ट्रॅक पाठवून ठेवा. त्यांच्या गणपतीत तिथली मुलं ते गातील, आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव बैठकीत कुणालातरी माहीत असेल.